‘शास्ती’ म्हणजे दंडच ना?

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आमच्या शेजारचे काका मालमत्ताकराचे देयक घेऊन घरी आले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवले. मागणी, थकबाकी, शास्ती आणि एकूण असे चार रकाने ओळीने होते आणि तिसऱ्या रकान्यातील आकड्याने त्यांची झोप उडवली होती. “अहो, शास्ती म्हणजे दंडच ना? मग दंड करण्याइतका मी गुन्हा तरी काय केला?” असा त्यांचा सवाल होता. गुन्हा काहीच नव्हता. आदल्या वर्षीचा दुसरा हप्ता भरायची मुदत ते नाशिकला लेकीकडे असताना उलटून गेली होती, एवढेच. तरीही त्यांचा प्रश्न रास्त होता. सरकारी आणि न्यायालयीन कागदांचे भाषांतर करण्यात माझा बराच वेळ जातो आणि इंग्रजीतील ‘पेनल्टी’ हा एकच शब्द मराठीत कधी दंड, कधी शास्ती, कधी शिक्षा, तर कधी नुसते शुल्क होऊन येतो, हे मी रोज पाहतो. या शब्दांमध्ये फरक आहे आणि तो निव्वळ शब्दकोशातला नाही. आपल्यावर ठपका कोणी ठेवला, कशासाठी ठेवला आणि पैसे भरल्यावर तो पुसला जातो की नाही, हे त्या फरकावर ठरते.

सुरुवात दंडापासून करायला हवी, कारण बाकीचे शब्द त्याच्याच सावलीत उभे आहेत. संस्कृतात दंड म्हणजे काठी. मराठीने ही काठी इतक्या ठिकाणी वापरली आहे की ती काठी आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हाताला आपण दंड म्हणतो आणि त्यावर ताईत बांधतो. पहिलवान दंड थोपटतो, तालमीत दंड-बैठका काढतो. देवापुढे काठीसारखे आडवे पडणे म्हणजे दंडवत. आणि दंडुका, दांडा, दांडी, दांडपट्टा ही सगळी त्याच घरातली मंडळी. जुन्या लुगड्याचा विरलेला भाग कापून टाकून उरलेले धड तुकडे एकमेकांना जोडायचे, यालाही दंड घालणे असेच म्हणत. माझी आजी घरात दंड घातलेले लुगडेच नेसायची, आणि त्याची ती जाडसर, काठीसारखी सरळ शिवण मांडीवर डोके ठेवले की गालाला लागायची. या दंडात शिक्षेचा लवलेश नव्हता, काटकसर मात्र होती.

काठी हातात असलेला माणूस दुसऱ्याला वळण लावू शकतो, म्हणून काठीचा अर्थ सत्ता आणि सत्तेचा अर्थ शिक्षा असा हा शब्द सरकत गेला. राजाच्या हातातील राजदंड हे त्याचे उघड चिन्ह. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात ‘दण्डः शास्ति प्रजाः सर्वाः’ असे एक वचन आहे, म्हणजे दंडच सर्व प्रजेला शासन करतो. गंमत अशी, की काकांच्या प्रश्नातले दोन्ही शब्द या एका ओळीत शेजारीशेजारी बसले आहेत: दंड हे नाम आणि शास्ति हे क्रियापद. ‘शास्’ म्हणजे आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे, वळण लावणे. त्याच धातूपासून शासन, शास्त्र आणि आपली शास्ती आली. म्हणूनच मराठीत शासन म्हणजे सरकारही आणि ‘गुन्हेगाराला कडक शासन झाले पाहिजे’ या वाक्यात शिक्षाही. त्या जुन्या स्मृतीत दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत: वाग्दंड म्हणजे शब्दांनी समज देणे, धिग्दंड म्हणजे निर्भर्त्सना करणे, धनदंड आणि शेवटी वधदंड. हे दंड सर्वांना सारखे नव्हते, वर्ण पाहून ते कमीजास्त होत, हे त्या वर्गीकरणाचे कौतुक करताना नजरेआड करता येत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की या चारांपैकी बोलीभाषेतल्या मराठीने मुख्यतः तिसरा प्रकार ठेवून घेतला. ‘मला दंड झाला’ असे कोणी म्हटले, तर आपण ‘किती?’ असे विचारतो, ‘कोणता?’ असे विचारत नाही.

हिंदीत तसे झाले नाही. तिकडे दंड म्हणजे कोणतीही शिक्षा, अगदी मृत्युदंडसुद्धा, आणि पैशांच्या दंडासाठी जुर्माना किंवा अर्थदंड असे वेगळे शब्द लागतात. मराठीत शिक्षेला शिक्षा म्हणतात, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्यामुळे हिंदी फलकावरचे ‘शिक्षा विभाग’ वाचून मराठी मुलांना हसू फुटते. मात्र मराठीतील शिक्षाही मुळात ‘शिकणे’ याच अर्थाची आहे. धडा शिकवणे म्हणजे शिक्षा करणे, हे आपण आजही बोलतो, तेव्हा हा बदल तितका विचित्र नाही. शिक्षा आणि दंड यांची मराठीने केलेली वाटणी एका प्रसिद्ध निकालात स्वच्छ दिसते. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईत न्यायमूर्ती दावर यांनी राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावला. शिक्षा भोगायची असते आणि दंड भरायचा असतो. ‘दंड भोगला’ किंवा ‘शिक्षा भरली’ असे कोणी मराठी माणूस सहसा म्हणणार नाही.

कायद्याच्या मराठीने मात्र दंडाचा जुना, व्यापक अर्थ अनेक ठिकाणी तसाच ठेवला आणि तिथे वाचक चकतो. दंडनीय अपराध म्हणजे केवळ पैसे भरून सुटण्याजोगा अपराध नव्हे, तर शिक्षेस पात्र असा कोणताही अपराध. न्यायदंडाधिकारी हे दंड गोळा करणारे अधिकारी नसतात. शिक्षा देण्याची सत्ता, म्हणजे ती जुनी काठी, त्यांच्या हाती असते. तहसीलदाराच्या पाटीवर ‘तालुका दंडाधिकारी’ असे लिहिलेले असते, त्यातला दंडही हाच. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या नावात तोच अर्थ होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि दंड हा शब्द नावातून गेला. आतल्या कलमांत तो अर्थातच आहे.

थोडे इतिहासात डोकावले, तर मराठी राज्याच्या दप्तरांत पैशांच्या दंडासाठी आणखी एक शब्द भेटतो आणि तो आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकतो. तो शब्द म्हणजे गुन्हेगारी. आज आपण ‘शहरातील गुन्हेगारी वाढली’ असे म्हणतो. त्या काळी ‘गुन्हेगारी घेतली’ म्हणजे दंडाची रक्कम वसूल केली. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा मिटला की हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई आणि जिंकणाऱ्याकडूनही हरकी किंवा शेरणी या नावाने पैसे घेतले जात. म्हणजे सरकारचा खजिना दोन्हीकडून भरे. जिंकणाऱ्याकडून घेतलेली रक्कम दंड म्हणून घेतली, असे म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिला आनंदाचे नाव दिले. पैसे तेच, पण नाव वेगळे ठेवले की देणाऱ्याची मान खाली जात नाही. आजच्या सरकारी देयकांवरील शब्द वाचताना ही युक्ती मला वारंवार आठवते.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. काटेकोर अर्थाने दंड ही फौजदारी न्यायालयाने द्यायची एक शिक्षा आहे. आरोप ठेवला जातो, पुरावा तपासला जातो, आरोपी दोषी ठरतो आणि मग न्यायाधीश कैद, दंड किंवा दोन्ही सुनावतात. त्यामुळे न्यायालयाने ठोठावलेला दंड शंभर रुपयांचा असला तरी त्याच्यामागे दोषसिद्धी असते. पैसे भरून दंड संपतो, दोषसिद्धीची नोंद संपत नाही. नोकरीच्या अर्जात ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ असा प्रश्न असतो, त्याचे उत्तर देताना ‘फक्त दंड झाला होता’ या शब्दांमागे लपता येत नाही.

वर्तमानपत्रांत निकालाची बातमी येते, तिचे शेवटचे वाक्य बहुतेक ठरलेले असते: ‘दंड न भरल्यास आणखी दोन महिने साधी कैद.’ अनेकांना वाटते की ही कैद म्हणजे दंडाचा पर्याय आहे. आरोपीने दोहोंतून सोयीचे निवडावे. प्रत्यक्षात ती दंड भरायला लावण्यासाठीची काठी आहे. म्हणूनच ही कैद सुरू असताना दंड भरला, की ती तिथेच संपते. तिची कमाल मुदतही कायद्याने बांधून दिली आहे. ज्या अपराधाला कैदच नाही, केवळ दंड किंवा सामुदायिक सेवा एवढीच शिक्षा आहे, त्यात न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडासाठी दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष, याहून जास्त कैद देता येत नाही, आणि ती साधीच असावी लागते. जुन्या संहितेत हेच टप्पे पन्नास आणि शंभर रुपयांचे होते, यावरून रुपयाचे काय झाले तेही कळते. याच कलमात आणखी एक सूत्र आहे: दंडाची मर्यादा कायद्यात सांगितलेली नसेल, तेथे तो अमर्याद असू शकतो, मात्र अवाजवी असता कामा नये. दुसऱ्या टोकाला, ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या प्रकरणात एका ज्येष्ठ वकिलांना एक रुपया दंड केला होता आणि तो न भरल्यास तीन महिने कैद व तीन वर्षे वकिलीला बंदी असे सुनावले होते. रुपया नाममात्र होता, दोषी ठरणे नाममात्र नव्हते.

शास्ती या ठिकाणी वेगळी पडते. शास्ती सहसा न्यायालय लावत नाही. कायद्याने नेमलेला अधिकारी, आयोग किंवा प्राधिकरण लावते. तिच्यासाठी फौजदारी खटला लागत नाही, दोषसिद्धी होत नाही आणि शास्ती भरणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. कर्तव्यात कसूर झाली, मुदत पाळली नाही, नियम मोडला, त्याची ही पैशांतली किंमत. काकांचे देयक नेमके यातच बसते. महापालिकांच्या कायद्याप्रमाणे मुदतीत न भरलेल्या मालमत्ताकरावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. दहा हजारांची थकबाकी असेल, तर महिन्याला दोनशे रुपये. दहा महिन्यांत दोन हजार. वर्षाचा हिशेब केला तर हा दर चोवीस टक्के पडतो, म्हणजे कोणत्याही बँकेच्या गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त. ‘दोन टक्के’ हा आकडा डोळ्यांना लहान दिसतो, हीच त्याची मेख आहे.

शास्ती भरल्याने चूक दुरुस्त होत नाही, हे समजून घेण्यासाठी पिंपरी-चिंचवडसारखे दुसरे उदाहरण नाही. महापालिका कायद्यातील कलम २६७अ च्या मूळ तरतुदीप्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लागत असे, आणि ती एकदाच नाही, तर बांधकाम अनधिकृत असेपर्यंत दरवर्षी. तिकडच्या लोकांनी तिला ‘शास्तीकर’ असे नाव पाडले. शास्ती आणि कर यांचा हा जोडशब्द कायद्याच्या दृष्टीने अजब आहे, कारण कर ही राज्याची नियमित मागणी आणि शास्ती हा कसुरीचा परिणाम. पण दरवर्षी येणाऱ्या शास्तीला लोक कर म्हणू लागले, तर त्यांची चूक कशी म्हणावी? ‘आम्ही शास्ती भरतो, म्हणजे घर अधिकृत झाले’ असा अनेकांचा समज होता. कायद्यात मात्र नेमके उलट लिहिले होते: शास्ती वसूल केल्याने ते बांधकाम नियमित झाले असे समजले जाणार नाही. अनेक निवडणुका या एका शब्दावर गाजल्या आणि अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने तिथली थकीत शास्ती माफ करण्याचा निर्णय घेतला. अशा माफीच्या योजनांना शासनाच्या मराठीत ‘अभय योजना’ म्हणतात. मुद्रांक शुल्काच्या थकबाकीसाठीही अशी योजना डिसेंबर २०२३ पासून राबवली गेली. अभय म्हणजे भीतीपासून मुक्ती. राजाने शरण आलेल्याला द्यावे तसे. काठी आणि अभय, दोन्ही शब्द एकाच दरबारातून आले आहेत.

शास्ती, शिक्षा आणि नुकसानभरपाई हे तीन शब्द एकाच कायद्यात पाहायचे असतील, तर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम उघडावा. माहिती विनाकारण रोखणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती लागते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आयोग त्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करू शकतो. ती कारवाई सेवानियमांप्रमाणे होते आणि तिथे मराठीत शब्द येतो तो शिक्षा, त्यातही ठपका ठेवण्यासारखी किरकोळ शिक्षा वेगळी आणि बडतर्फीसारखी जबर शिक्षा वेगळी. शिवाय कलम १९ प्रमाणे अर्जदाराला झालेल्या हानीची भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. अनेक अर्जदार ‘शास्ती लावा’ असा आग्रह धरतात आणि ती लागली की पैसे आपल्याला मिळतील अशी अपेक्षा करतात. शास्तीचे पैसे सरकारजमा होतात. अर्जदाराच्या हाती काही यायचे असेल, तर त्याने भरपाई मागायला हवी. अर्जात एक शब्द चुकला, की मागणीच बदलते.

दंडाकडून शास्तीकडे जाण्याचा कल अलीकडे कायदे करणाऱ्यांनीही स्वीकारला आहे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी बदलल्या. त्यांपैकी अनेक ठिकाणी कैद किंवा न्यायालयाचा दंड काढून अधिकाऱ्याने लावायची शास्ती आणली. व्यापाऱ्याला किरकोळ कागदी चुकीसाठी फौजदारी न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की न्यायाधीशासमोर जो पुरावा काटेकोरपणे तपासला गेला असता, तो आता अधिकाऱ्याच्या टेबलावर तपासला जातो. आणि शास्ती म्हणजे हलके प्रकरण असेही नाही. त्याच वर्षीच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आहे. इतका दंड प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या अधिकारात बसत नाही.

रोजच्या बोलण्यात आपण ज्याला दंड म्हणतो, ते बहुतेक वेळा या दोहोंपैकी काहीच नसते. मुंबईच्या लोकलमध्ये विनातिकीट सापडलेला माणूस ‘दोनशे पन्नास रुपये फाईन भरला’ असे सांगतो. रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे ते २५० रुपये म्हणजे जादा आकार. भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त ते. फसवणुकीच्या इराद्याने विनातिकीट प्रवास केल्याचा खरा गुन्हा कलम १३७ मध्ये आहे आणि त्याला कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिकीट तपासनीस पावती देऊन सोडतो, तेव्हा प्रवाशाला दोषी ठरवून सोडत नाही.

वाहतूक पोलिसांची पावती हा याहून गुंतागुंतीचा प्रकार. हेल्मेट न घालणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून एक हजार रुपये दंड आहे, पण चौकात पोलीस न्यायालय भरवत नाहीत. कलम २०० प्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत राज्य सरकारने ठरवलेली रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवता येते. या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. वाहनचालक खटला टाळतो, सरकार वेळ वाचवते. दोघांनी केलेली ती तडजोड असते. तिचा दर ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे असल्यामुळे एकाच चुकीची रक्कम वेगवेगळ्या राज्यांत वेगळी दिसते. दारू पिऊन गाडी चालवणे मात्र त्या यादीत नाही. तिथे न्यायालयात उभे राहावेच लागते. ई-चलान आले आणि भरले नाही, तर तडजोडीची मुभा संपून प्रकरण न्यायालयाकडे जाऊ शकते, म्हणूनच थकीत चलानांसाठी लोकअदालतीच्या नोटिसा येतात. आता कागदाची पावती हातात येणे कमी झाले असले, तरी ‘पावती फाडणे’ हा वाक्प्रचार भाषेत पक्का रुजला आहे, इतका की कार्यालयात कोणाच्या तरी चुकीचे खापर दुसऱ्यावर फोडले गेले, तर ‘माझ्या नावाने पावती फाडली’ असे आपण सहज म्हणतो.

विलंब शुल्काची गोष्ट थोडक्यात. प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीनंतर भरणाऱ्याला १९६१ च्या कायद्यातील कलम २३४एफ प्रमाणे पाच हजार रुपये, आणि उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार रुपये द्यावे लागत. त्याला कायदा दंडही म्हणत नाही आणि शास्तीही म्हणत नाही, तर शुल्क म्हणतो. शुल्क म्हटले की कारण ऐकून घ्यायची, सुनावणी द्यायची गरज उरत नाही. यंत्रणा रक्कम आपोआप जोडते. शास्ती लावण्याआधी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हरकीसारखीच ही नाव बदलण्याची युक्ती आहे, असे माझे मत आहे. सदनिका भाड्याने दिल्यावर गृहनिर्माण संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही अनेक सभासदांना दंडासारखे बोचते; ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

खासगी माणसाला मात्र दुसऱ्या खासगी माणसाला दंड करण्याचा अधिकार नाही, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. भाडेकरारात ‘मुदतीत घर रिकामे न केल्यास दररोज अमुक रुपये दंड’ असे कलम असते. १८७२ च्या करार कायद्यातील कलम ७४ प्रमाणे असा आकडा ही केवळ कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देववते. धाक दाखवण्यासाठी लिहिलेला फुगीर आकडा जसाच्या तसा पदरात पडत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे जातपंचायतींचा दंड. आंतरजातीय लग्न केले किंवा पंचांचा शब्द मोडला, म्हणून कुटुंबाकडून हजारो रुपये उकळायचे आणि न दिल्यास वाळीत टाकायचे, याला दंड हा शब्द शोभत नाही. त्याच्यामागे कायद्याची काठी नसते, जमावाची असते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या पंचांना होणारा दंड हा खरा दंड.

आणि मग उरतो भुर्दंड. या शब्दाचे वेगळेपण असे की भुर्दंड कोणी ठोठावत नाही, आकारत नाही, तो बसतो किंवा पडतो. गाडी चुकली आणि दुसरे तिकीट काढावे लागले, ठेकेदाराने काम अर्धवट टाकले आणि दुसऱ्याला पैसे द्यावे लागले, कार्यालयाने कागद हरवला आणि पुन्हा मुद्रांक घ्यावा लागला, की मराठी माणूस म्हणतो, फुकटचा भुर्दंड. त्यात पैसे जातात, पण अपराध बहुधा दुसऱ्याचा असतो किंवा कोणाचाच नसतो. ग्राहक तक्रारींत ‘मनस्ताप आणि आर्थिक भुर्दंड’ ही जोडी म्हणूनच शोभून दिसते. क्रियापदांकडे कान दिला, तर सगळ्याच शब्दांचा उलगडा होतो: न्यायालय दंड ठोठावते, त्यात हातोड्याचा आवाज आहे, अधिकारी शास्ती लावतो, कार्यालय शुल्क आकारते, आणि भुर्दंड आपण सोसतो.

कागद हाती आला, की आकड्याआधी मी त्यावरचा शब्द, कलम आणि सही करणाऱ्याचे पद पाहतो. न्यायदंडाधिकाऱ्याची सही असेल, तर अपील सत्र न्यायालयात, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय गुन्हा कबूल करू नये. अधिकाऱ्याने लावलेली शास्ती असेल, तर त्याच कायद्यात अपिलाचा अधिकारी आणि मुदत दिलेली असते, आणि आपले म्हणणे ऐकून घेतले होते का, हा तिथला पहिला मुद्दा. शुल्क असेल, तर भांडायला फारशी जागा नसते. हिशेब तेवढा तपासावा. तडजोड शुल्क असेल, तर ते भरायचे की न्यायालयात बाजू मांडायची, हे आपणच ठरवायचे असते.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले, देयकावरचा दर वहीत लिहून गुणाकार केला, शास्तीचा महिना एक जास्त तर धरला नाही ना, हे दोनदा तपासले आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरून पावती दाखवायला आले. “गुन्हा नाही, हे बरे झाले, पण भुर्दंड बसलाच,” असे ते म्हणाले. मागून आलेल्या काकूंनी पिशवी खाली ठेवली. “भुर्दंड कसला? मुदत तुम्ही विसरलात. शास्तीच आहे ती,” असे म्हणून त्यांनी पावती घडी घालून फाइलमध्ये लावली.